‘सिव्हिलियन’ या एका शब्दावरून

नाशिक रोड,
रविवार, रात्री साडेदहा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आज दुपारी फोनवर तू म्हणालीस, “जाऊ दे आई, तुम्हा सिव्हिलियन लोकांना नाही कळायचं ते.” आणि तेवढ्यात शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलास. मी रागावले नाही, आधीच सांगते. पण चेन्नईच्या लष्करी अकादमीत जाऊन तुला पुरते तीन महिनेही झाले नाहीत आणि हा शब्द तुझ्या तोंडात इतका रुळलेला ऐकून आतून हलल्यासारखं झालं. फोनवर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. जेवलीस का, गुडघा दुखतोय का, यातच ती जातात. म्हणून जेवणं आवरून लिहायला बसले.

शब्द आपल्या घराला नवा नाही. देवळाली कॅम्पात भाजी घेताना ऐकलाय, बाबांच्या युनिटमधल्या मित्रांकडून ऐकलाय. लग्न होऊन आले तेव्हा बाबाच म्हणायचे, “सिव्हिलमध्ये चालतं असं, आमच्यात नाही.” मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही, हे मला शिकवताना दरवर्षी जाणवतं. नागरिक म्हणावं, तर जवानही नागरिकच. ‘बिनलष्करी’ हा कागदावरचा शब्द, कुणी बोलत नाही. म्हणजे जो सैनिक नाही तो, एवढीच त्याची ओळख. जगातल्या बहुतेक माणसांना आपण ‘नाही’ने ओळखायचं, हे मला खटकतं.

तुला तो शब्द का चिकटला, हे मात्र मला कळतं. १९४८ साली एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोवित्झ या दोन अभ्यासकांनी जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून एक निबंध लिहिला. सगळं हरलेलं दिसत असताना हे सैनिक शेवटपर्यंत का लढले, हा प्रश्न होता. त्यांना जे सापडलं ते असं: सैनिक मोठ्या घोषणांसाठी फारसा लढत नाही, तो शेजारच्या चार-पाच जणांसाठी लढतो. ज्यांच्याबरोबर ताटात ताट घालून जेवलो, त्यांना तोंड दाखवता आलं पाहिजे, यासाठी. तुला पहाटे चारला उठवतात, एकीची चूक झाली की सगळ्यांना शिक्षा करतात, त्यामागे हेच आहे. खोलीतल्या मुली तुला बहिणींसारख्या वाटू लागल्यात, ते खरं आहे, आणि उद्या तेच तुझा जीव वाचवेल.

पण गोष्ट तिथे संपत नाही. ओमेर बार्टोव्ह या इतिहासकाराने पुढे रशियाच्या आघाडीवरच्या जर्मन तुकड्यांचा अभ्यास केला. तिथे माणसं इतक्या झपाट्याने मरत होती की ती चार-पाच जणांची सोबत टिकतच नव्हती. मग त्यांना बांधून काय ठेवत होतं? समोरचा शत्रू हा माणूसच नव्हे, ही शिकवण. त्यातून तिथल्या गावांचं काय झालं ते तू वाचलं आहेस. ‘आपले’ हा शब्द घट्ट झाला की ‘ते’ हा शब्दही आपोआप तयार होतो. ‘ते’मध्ये आधी शत्रू येतो. मग हळूहळू गावातली माणसं येतात. मला भीती आहे ती या दुसऱ्या पायरीची.

बाबांचं तुला एक सांगते. त्यांनी तुला कधी सांगितलं नसेल. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात ते द्रासला होते, तोफखान्यात टेक्निकल असिस्टंट. डोंगरावर इन्फन्ट्रीबरोबर असलेला ओपीचा, म्हणजे निरीक्षण चौकीचा, अफसर वायरलेसवर आकडे सांगायचा, बाबा त्यावरून तोफेची दिशा आणि उंची काढायचे, आणि तोफ काही किलोमीटर पलीकडे गोळा टाकायची. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं टाकली असं सांगतात. “मला एकही गोळा पडलेला दिसला नाही,” बाबा म्हणाले होते, “आमच्यापर्यंत आकडे यायचे, आमच्याकडून आकडे जायचे.” तो डोंगर घ्यायचाच होता आणि वर चढणारी आपली मुलं त्या गोळ्यांच्या आधाराने चढत होती, यात त्यांना कधी शंका वाटली नाही. मलाही नाही. आपले ५२७ जण गेले त्या युद्धात.

मात्र बाबा सगळ्यात जास्त कुणाबद्दल बोलतात माहीत आहे? वर दारूगोळा आणि पाणी वाहून नेणाऱ्या तिथल्या हमालांबद्दल. त्याच गावांतली माणसं. अंगावर वर्दी नाही, हातात बंदूक नाही, पाठीवर ओझं, आणि वरून पडणारा गोळा काही विचारून पडत नाही. कारगिल शहरावर गोळे पडायला लागले तशी तिथली बरीच कुटुंबं सुरू नदीच्या खोऱ्यात आतल्या गावांत निघून गेली. हे मात्र पाठीवर ओझं घेऊन उलट्या दिशेने चढत होते. मनू, ते सिव्हिलियनच होते ना?

आणि युद्ध माणसापर्यंत पोचायला गोळा लागतोच असंही नाही. १९४३ चा बंगाल बघ. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ८७ हजार सैनिक गेले. बंगालच्या दुष्काळात गेलेल्या माणसांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ बंद झाला. जपानी किनाऱ्यावर उतरतील या भीतीने सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतून लोकांच्या होड्या काढून घेतल्या, तांदूळही उचलला. होडीवरच ज्याचं पोट, त्या कोळ्याने काय करायचं? त्यात युद्धाच्या खर्चाने महागाई भडकली आणि धान्य आधी सैन्याकडे आणि कलकत्त्याच्या कारखान्यांकडे वळलं. शेतमजूर, कोळी, कुंभार, त्यांची बायकामुलं रस्त्यावर मेली. एकाही जपानी सैनिकाने त्यांच्यावर बंदूक रोखली नव्हती. वर्गात हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, मॅडम, मग हे युद्धात मेले असं धरायचं की नाही? मी म्हणते, धरायचं.

सैनिकालाही नुसती लढाईच मोडते असं नाही. आपल्या देवळालीच्या नावावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलॅली’ शब्द पडला. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. ऊन, मलेरिया, करायला काम नाही. काही जणांचं डोकं फिरायचं. त्या शब्दाला पुढे ‘टॅप’ जोडतात, तो आपला ‘ताप’. मला या शब्दाने नेहमी गलबलतं. ते आपल्यावर राज्य करणाऱ्यांचे सोल्जर होते हे खरं, पण वीस-बावीस वर्षांचीच पोरं होती.

तू म्हणशील, हे जुनं झालं. आजचं सांगते. युद्धात सामान्य माणसाला कसं वागवायचं याचा स्वतंत्र जिनिव्हा करार व्हायला १९४९ साल उजाडलं. त्याआधीचे करार जखमी सैनिकांसाठी, युद्धकैद्यांसाठी होते. दोन महायुद्धांत शहरंच्या शहरं जळली तेव्हा कुठे रयतेची आठवण झाली. आणि आता ती रेषाच पुसट होत चालली आहे. युक्रेनमध्ये २०२२ मध्ये एक मोबाइल ॲप आलं. आकाशात ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दिसलं की फोन त्या दिशेला धरायचा आणि बटण दाबायचं. खबर हवाई संरक्षणाकडे जाते. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने ते बटण दाबलं, तर ती कोण? तिला आपल्या पोरांचा जीव वाचवायचा आहे. समोरचा म्हणेल, ती युद्धात उतरली. मला याचं उत्तर देता येत नाही. तुला मात्र कधीतरी, आणि कदाचित अर्ध्या मिनिटात, द्यावं लागेल.

दुसरीकडे अमेरिकेतल्या नेवाडात बसून अफगाणिस्तानावरचं ड्रोन चालवणारे होते. ड्युटी संपली की गाडी काढून घरी, मुलांबरोबर जेवायला. बाबांना एकही माणूस दिसला नाही. यांना पडद्यावर एकच घर दिवसचे दिवस दिसायचं. कोण अंगणात येतं, पोरं कधी खेळतात, सगळं. यांच्यातल्याही काहींची झोप उडाली. अंतर वाढलं म्हणून मनावरचा भार कमी होतो, असं काही दिसत नाही.

आता आमच्या बाजूचंही बोलते, कारण चूक एकट्या वर्दीवाल्यांची नाही. पहलगामला २६ जण मारले गेले, त्यानंतर ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली. आपल्याकडे सायरन वाजला तेव्हा मी कॉलेजमधून परतत होते, अंगावर काटा आला. त्याच दिवशी पूंछ शहरात तोफगोळे पडले, लहान मुलंही गेली. आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे टाकत होते. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ते पूंछला राहिलेत. “वरच्या टेकड्यांवरून ते गाव तळहातासारखं दिसतं गं,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. आम्ही सैनिकाला देव्हाऱ्यात बसवतो आणि मग त्याच्याकडे बघत नाही. आपल्या मागच्या गल्लीतल्या वहिनींचे यजमान गेले तेव्हा चौकात केवढा फ्लेक्स लागला होता, आठवतं? फ्लेक्स फाटून गेला तरी त्या एका दाखल्यासाठी खेटे घालत होत्या. तू आम्हाला ‘सिव्हिलियन’ म्हणालीस त्यात अशा वागण्याचा राग असेल, तर तो मला मान्य आहे.

मघाशी रयत म्हटलं. तो जुना शब्द मला जास्त आपला वाटतो, आणि तो आठवला की १६७३ च्या सुमाराचं महाराजांचं पत्र आठवतं. चिपळूणजवळ हलवर्णला लष्कराचा तळ होता, तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आधीच उधळलात तर पुढे घोडी उपाशी पडतील. मग कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. घरं करून राहिलेली गरीब माणसं उठून जातील, आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर त्यात लिहिलंय. मोहिमांच्या धामधुमीतला राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो. रयतेकडे त्याचं लक्ष असं होतं, भाजीपर्यंत, गंजीपर्यंत. हे पत्र तू शाळेत वाचलंयस, पण आता पुन्हा वाच. आता ते तुला उद्देशून आहे.

तुला तोफखाना हवाय, हे कळल्यापासून बाबा मुके झालेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिल्या पाच मुली तोफखान्यात अधिकारी झाल्या, ते कात्रण त्यांनी कपाटाला आतून चिकटवलंय. मला दाखवलं नाही, चादरी काढताना दिसलं. मला अभिमान आहे, काळजीही आहे. दोन्ही खरं.

एकच मागते. तुझ्या हातात आकडे येतील तेव्हा नकाशावर त्या ठिकाणी आणखी काय आहे, हे विचारायचं. विहीर आहे का, शाळा आहे का, शेतात माणसं कधी असतात. हे विचारायची सोय नियमांत आहे, विचारणारा लागतो.

चकल्या आणि तीळकूट सोमवारी कुरिअरने पाठवते, मोजे बाबांनी आणलेत, जाड हवे होते ना? गुरुवारी रेंजवर सकाळपासून फायरिंग चाललं होतं, कपाटातल्या काचेच्या बरण्या किणकिणत होत्या. बाबांना दारावरची बेल हल्ली ऐकू येत नाही. पण बरणीवर हात ठेवून उभे होते, आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

तुझी,
आई