भंगारवाला नाकारतो ते संकलन केंद्राने घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२३ मधील ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके, प्लॅस्टिक जमा करणारी केंद्रे उघडण्यात आली. आमच्या तालुक्याच्या गावीही असे केंद्र आहे आणि मी दर रविवारी सायकलीच्या हँडलला पिशव्या अडकवून तेथे जातो.

रद्दी, पुठ्ठा, पत्रा यांसाठी खरे तर केंद्राची गरज नाही. भंगारवाला दारात येऊन, काट्यावर मोजून पैसे देतो. अडचण होते ती त्याने नाकारलेल्या फुटक्या काचेची, वेफर्सच्या पाकिटांची, बंद पडलेल्या सीएफएल दिव्यांची. केंद्रावर त्यांतले काय घेतले जाईल, हे त्या दिवशी तेथे कोण बसले आहे यावर ठरते. वेफर्सच्या पाकिटाबाबत मी आग्रह धरणार नाही, कारण त्यातील प्लॅस्टिक व धातूचा थर सहजी वेगळे होत नाहीत. दिव्यात मात्र पारा असतो. अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौ. कि.मी. क्षेत्रामागे एक केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले होते. आमच्याकडे वेळेचा फलक नाही. दोनदा कुलूप पाहून परतलो आहे.

वस्तू धुऊन, वाळवून आणाव्यात ही केंद्राची सूचना रास्त आहे, कारण एका तेलकट डब्याने कागदाचा अख्खा गठ्ठा खराब होतो. पण आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात दुधाची पिशवी धुवायला चांगले पाणी कोण वापरील? आमच्या घरी भांडी विसळलेल्या पाण्यात ती खळबळून दोरीवर टाकतात (पाहुणे विचारतात, हे काय वाळत घातले आहे?). सूचनेसोबत हेही सांगितले असते, तर अधिक लोकांनी ती पाळली असती.

केंद्राने नाकारलेले शेवटी घंटागाडीतून कचरा डेपोवरच जाते. नारेगावच्या डेपोवर परिसरातील गावकऱ्यांनी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या, तेव्हा औरंगाबादच्या रस्त्यांवर साचलेले ढीग मराठवाड्याने पाहिले आहेत. नगरपरिषदेने स्वीकारायच्या वस्तूंची यादी आणि उघडण्याच्या वेळा केंद्राच्या फाटकावर रंगवून घ्याव्यात, तसेच दिवे व बॅटऱ्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जि. बीड