पतंगवाल्या काकांना, एका गाठीबद्दल

काका, सलाम.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराच्या जागी हेच म्हणतात. त्या संध्याकाळी फोनवर आईने सवयीने सलाम केला आणि तुम्हीही उलट ‘सलाम ताई’ म्हणालात. तेव्हापासून ती तुमचा उल्लेख ‘ते सलामवाले’ असाच करते.

१९ डिसेंबरला तुमच्या ओट्याशी आले ती खरं तर चिडून. पप्पा मे महिन्यात गेले. त्यांच्यामागचा हा पहिला नाताळ. आई म्हणाली, करंज्या नको, पताका नको, माळ्यावरची नाताळची कागदी चांदणी तेवढी काढ. काढली, तर तीन कामट्या मोडलेल्या आणि खळीच्या वासाने उंदरांनी कागद कुरतडलेला.

तुमच्याआधी बरीच दारं झाली होती. सजावटीच्या एका मोठ्या दुकानात सांगाड्याकडे न बघताच ‘प्लॅस्टिकची घ्या, आत एलईडी आहे’ म्हणाले. दुसऱ्याने विचारलं, ‘तुम्ही तर मराठी, मग ख्रिसमस कसा?’ अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली. तिथपासून सुरुवात करायची माझ्यात ताकद नव्हती. ‘हाताने बनवलेली’ म्हणून ऑनलाइन मागवली ती छापील पुठ्ठ्याची निघाली. आणि एका नातेवाइकांनी ‘मी करून देतो’ म्हणत दोन आठवडे घालवले, मग फोन उचलणंच बंद केलं. असो, नाताळ होता म्हणून गप्प बसले.

तुमचा तर मोसम. संक्रांत महिन्यावर, ओट्यावर कामट्यांचे भारे, कापून ठेवलेले ताव. ‘चांदणी मी कधी केलेली नाही,’ म्हणालात आणि तेवढ्यात हात पुढे करून सांगाडा घेतलातसुद्धा. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधलेलं, आणि मधे पोट फुगवायला पाच आखूड काड्या. दोन मिनिटं उलटसुलट करून बघितलंत. ‘म्हणजे दोन पतंग पाठीला पाठ लावून,’ म्हणालात. पप्पा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन.

मला वाटलं, जुन्या गाठी कापून सगळं नव्याने बांधाल. सोपं तेच होतं. तीनपैकी दोन कामट्या तशाच बदलल्यात. तिसरीच्या टोकाशी थांबलात. निळ्या सुतळीची गाठ, त्यावर पप्पांनी सोडलेला फेविकॉलचा थेंब, पिवळा पडलेला.

‘ही त्यांच्या हातची?’

मी मान हलवली.

‘मग ही कापायची नाही.’

त्या गाठीतून मोडकं लाकूड दाभणाने कण कण कोरून काढलंत. नवी कामटी तासलीत, घालून बघितलीत, पुन्हा तासलीत. अर्धा तास त्या एका टोकाला गेला. पतंग घ्यायला आलेली दोन पोरं वाट बघून निघून गेली, तुम्ही मान वर केली नाहीत. शेवटी कामटी आत सरकली आणि गाठ होती तशी राहिली.

कागद लाल-पांढरा लागला, झिरमिळ्या मी कापल्या आणि त्या वाकड्या झाल्या. पैसे विचारले तर नुसत्या कागदाचे घेतलेत.

काका, पप्पा कसे गेले हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने आईकडून ते पहिल्यापासून वदवून घेतलं होतं, आणि वर चहा पिऊन ‘काळजी घ्या’ सांगून गेले. चांगली माणसं म्हणजे खूप बोलणारी, धीर देणारी, असं मला वाटायचं. तुम्ही तर कामट्या तासत बसलात.

२४ तारखेला रात्री चांदणी वर चढवण्याआधी आईने चष्मा लावून एकेक टोक तपासलं. त्या गाठीवर तिचं बोट थांबलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बल्ब छोटा लाव, कागद जळेल.’ पप्पा दर वर्षी हेच म्हणायचे.

नवं वर्ष लागलं तरी ती उतरवू देत नाही. संक्रांतीची गर्दी सरली की आईला घेऊन येते. तुमचं दाभण आमच्या चादरीत गुंडाळून घरी आलंय, तेही आणते.

तुमची,
चांदणीवाली