ही आमची सानू न्हवं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रवेशासाठी तू केलेला सरावाचा व्हिडिओ काल रात्री तीनदा बघितला. आई एकदाच बघून ‘छान बोलली की’ म्हणाली आणि झोपली. मला झोप आली नाही. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो पप्पा, कळलं पप्पा’ करून ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतला.

आधी माझ्या लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यातलं सांगतो. खिडकी तुझ्या पाठीमागं आहे, म्हणून चेहरा काळा पडलाय आणि पडदा मात्र झगझगीत दिसतोय. टेबल फिरव, खिडकीकडं तोंड करून बस. थेट ऊन अंगावर नको. लॅपटॉपखाली ती फिजिक्सची जाडजूड पुस्तकं घाल, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. आत्ता मला तुझ्या नाकपुड्या आणि वरचा पंखा दिसतोय.

पंखा ऐकूही येतोय. बंद कर. घाम आला तर येऊ दे, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. हॉस्टेलच्या मोकळ्या भिंतींमुळं आवाज घुमतो, तेव्हा कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बाजूला रजई टांग. चित्र थोडं कमीजास्त असलं तर माणूस चालवून घेतो, आवाजाचं तसं नाही. 1998 साली गडहिंग्लजकडच्या एका लग्नात मी हॅलोजन लावले, कॅसेट घातली आणि माईक चालू करायचाच विसरलो. घरी येऊन बघतो तर मंगलाष्टकं मुकी! भटजींचं तोंड हलतंय, अक्षता पडतायत, आवाज शून्य. मग काय, दुसऱ्या लग्नातली मंगलाष्टकं त्यावर चढवली. कॅसेट द्यायला गेलो तर सगळे खूश. फक्त नवरीची आजी टीव्हीकडं बघत म्हणाली, “ह्यो आमचा भटजी न्हवं.”

काल तिसऱ्यांदा तुझा व्हिडिओ बघताना ती आजीच आठवली.

घरात ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणणारी तू, आणि व्हिडिओत ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करतेस. डोळे सारखे उजवीकडं जातात. तिकडं कागद चिकटवलायस, मला दिसत नसला तरी कळतो. पंचवीसहून जास्त वर्षं माणसांचे डोळेच बघतोय मी. आणि वाक्यं तरी कसली! ‘क्लायमेट रेझिलियन्सबद्दल मला पॅशन आहे.’ हे कुणीही म्हणेल. पुराबद्दलच बोलायचं होतं, तर तुझी ती वही कुठं गेली?

निळ्या पुठ्ठ्याची. 2019 च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आत्याच्या घरात कमरेएवढं शिरलं. तेव्हा तू सहावीत होतीस. पुढच्या पावसाळ्यापासून रोज संध्याकाळी पातळी लिहायला लागलीस, फूट आणि इंच. 39 ला इशारा पातळी म्हणून पिवळी रेघ, 43 ला धोका पातळी म्हणून तांबडी. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, हे तर इथं पोरासोरांना पाठ असतं. पण दरवाजा उघडल्याची वेळ आणि बंधाऱ्यावर पाणी चढल्याची वेळ शेजारीशेजारी लिहायचं आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. 2021 च्या जुलैत तूच आत्याला फोन केलास, ‘आज रात्रीच फ्रीज वर चढवा.’ आत्यानं ऐकलं. काकांनी ‘पोरगी घाबरलीय’ म्हणून हसण्यावारी नेलं आणि आपली नवी गाडी खालीच ठेवली. त्या गाडीचं पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

हे सांग की! काकांच्या गाडीसकट सांग.

त्या कॉलेजचे व्हिडिओचे नियम मी वाचले. प्रश्न आयत्या वेळी पडद्यावर येणार, विचाराला 30 सेकंद, बोलायला दोन मिनिटं, आणि एकदाच. म्हणजे उत्तर पाठ करून उपयोगच नाही. त्यापेक्षा अशा तीन-चार गोष्टी मनात तयार ठेव: वही, मेसच्या भाकरीवरून झालेलं तुमचं भांडण, चौथीत नाटकात वाक्य विसरून तू रडली होतीस ते. मैत्रिणीला कुठलाही प्रश्न टाकायला सांग आणि रोज दोन-दोन उत्तरं दे, दर वेळी वेगळ्या शब्दांत. त्या 30 सेकंदांत कुठली गोष्ट सांगायची आणि पहिलं वाक्य कुठलं, एवढंच ठरव. लिहीत बसू नकोस. एखादा शब्द अडकला तर ‘सॉरी’ म्हणून थांबू नकोस, पुढं चल. आणि सव्वा मिनिटात गोष्ट संपली तर गप्प बस. उरलेला वेळ भरायला गेलीस की परत ते पॅशन येणार.

बघायचं कुठं? पडद्यावरच्या स्वतःकडं नाही. लेन्सच्या बरोबर वर एक टिकली चिकटव आणि तिच्याशी बोल. नवरदेवांना मी हेच सांगतो, त्यांना मात्र टिकली मिळत नाही.

इंग्रजी आपलं आपल्या चालीनं बोल. कॉलेजवाले समजून घेतील.

शनिवारच्या गाडीनं सतीशकाका पुण्याला येतायत. त्यांच्याकडं कॉलरचा माईक, छोटा ट्रायपॉड आणि आईची कांदा-लसूण चटणी पाठवतोय. वही माळ्यावर सापडली, तीही घातलीय. ट्रायपॉडचा एक पाय ढिला आहे, त्याला रबर गुंडाळ.

तुझा,
पप्पा