स्पीड पुरेसा आहे, तक्रार विलंबाची आहे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : अपलोड चालू असताना वाढणारा पिंग आणि आपण दिलेल्या राउटरमधील रांगेची व्यवस्था

महोदय / महोदया,

‘स्पीड योग्य आढळला’ असा शेरा मारून माझी तक्रार पुन्हा बंद करण्यात आली आहे. स्पीडबद्दल मी तक्रार केलीच नव्हती. ४० एमबीपीएसचे पैसे भरतो, ४० मिळतात. तक्रार अशी आहे की घरातल्या एका लॅपटॉपवर बॅकअप सुरू झाला की दुसऱ्या खोलीत सुनेच्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटायला लागतो. बॅकअप संपेपर्यंत तिला कॅमेरा बंद करून बसावं लागतं.

मोजमाप केबल लावून केलं आहे, त्यामुळे ‘वायफायची रेंज’ हे उत्तर कृपया देऊ नये. लाइन मोकळी असताना आपल्या पहिल्या गेटवेपर्यंतचा (आपल्या नेटवर्कच्या प्रवेशद्वारापर्यंतचा) पिंग, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा (पॅकेट) जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, ६ मिलीसेकंद येतो. अपलोड सुरू झालं की काही क्षणांत तो ६०० वर जाऊन तिथेच राहतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला ३० एमबीपीएसची मर्यादा घातली, तर तोच पिंग १०-१२ वर उतरतो. फायबरमध्ये दोष असता तर असं झालं नसतं. ४० एमबीपीएसने ६०० मिलीसेकंद म्हणजे २४ मेगाबिट, साधारण ३ एमबी (मेगाबाइट) डेटा आपल्या राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) तुंबलेला आहे, आणि कॉलचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे उभं आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी केलेला माणूस आहे. लाइनी संपल्या की आम्ही एंगेज टोन द्यायचो, गिऱ्हाईक समजून घ्यायचं आणि थोड्या वेळाने फिरवायचं. टीसीपीलाही (इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या नियमपद्धतीलाही) तसाच इशारा लागतो. एखादं पॅकेट गळलं की पाठवणारा वेग कमी करतो. आपला राउटर मात्र बफर पूर्ण भरेपर्यंत काहीच गाळत नाही, येईल ते साठवत राहतो. मग पाठवणाऱ्याला वाटतं रस्ता मोकळाच आहे, आणि तो आणखी ओतत राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. संगणक प्रोग्रॅमर जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास याकडे लक्ष वेधलं. नेटवर्क संशोधक कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहत नाही, पॅकेट किती वेळ अडकलंय ते पाहते. हा वेळ १०० मिलीसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ च्या खाली आला नाही, तर ती पॅकेट गाळायला लागते. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते, त्यामुळे बॅकअपच्या मागे कॉल अडकत नाही. ती २०१२ पासून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे, केक ही तिची पुढची आवृत्ती २०१८ पासून. आपला राउटर लिनक्सवरच चालतो, तशी परवान्याची नोंद त्याच्या सेटिंगच्या पानावर आहे. म्हणजे औषध कपाटात आहे, फक्त कपाटाला कुलूप आपलं आहे.

स्वस्त राउटरचा प्रोसेसर हलका असतो, हे मला कळतं. गिगाबिट प्लॅनवर ही सबब ऐकून घेतली असती. ४० एमबीपीएसला तेवढी ताकद लागत नाही.

आपल्या प्रतिनिधीने १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या असं सुचवलं. (विकायची संधी कुठेही सापडते, याचं कौतुक आहे.) बफर तोच राहिला तर ३ एमबीची रांग उपसायला १०० एमबीपीएसलाही पाव सेकंद लागतो, आणि बॅकअप ती रांग पुन्हा भरतोच. जास्त पैसे भरूनही कॉल अडखळणारच.

माझी मागणी अशी : राउटरच्या नवीन फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एफक्यू-कोडेल किंवा केक सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवावी. ते जमत नसेल तर आपलं उपकरण ब्रिज मोडमध्ये (ते फक्त डेटा पुढे ढकलेल, राउटरचं काम करणार नाही अशा स्थितीत) टाकून पीपीपीओईचं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड मला द्यावा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवर आधारलेलं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा माझा राउटर घरात तयार आहे, त्याचा खर्च मी आपल्याकडे मागत नाही. ‘कंपनीचं धोरण नाही’ असं उत्तर असेल तर ते धोरण लेखी पाठवावं.

ही तक्रार बंद करण्याआधी नेटवर्क विभागातल्या कोणीतरी अपलोड चालू ठेवून पिंग पाहावा. रिकाम्या लाइनवरची स्पीड टेस्ट मला पुन्हा पाठवू नये. ती पाठवून तक्रार बंद केल्यास ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे मी आपल्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन. दोन्ही मोजमापांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक
(ग्राहक क्रमांक व पत्ता ई-मेलमध्ये नमूद)