दादा, वावर विकायच्या आधी हे वाच

दादा,

बाबांच्या कॅन्सरच्या औषधासाठी वावर विकतो म्हणणारा तुझा मेसेज रात्री दोनला पाहिला अन् मग झोपच लागली नाही. फोनवर मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय.

काटोलचं वावर एवढ्यात विकू नको. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, फुल डोसमध्ये पूर्ण घ्यायचं तर लाखांत जातं हे खरंच आहे. पण आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर ट्रायल केली, बाबांसारखेच, ज्यांचा आजार पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेला होता असे. निम्म्यांना नुसत्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, बाकीच्यांना त्याच गोळ्या आणि सोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, तेही फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस २४० असतो, तोही दर दोन आठवड्यांनी! वर्षभराने नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के लोक जिवंत होते, इंजेक्शनवाल्यांमध्ये ४३.४ टक्के. निम्म्याहून जास्त लोक तरीही गेले, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण डॉक्टरांना विचार, बाबांना हे चालेल का.

दोन्ही सोबत का, तर डवरणीच्या वेळी आपण बैलाला मुसकं बांधतो ना, तसं कॅन्सर आपल्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींना, बांधून ठेवतो. निव्होलुमॅब ते मुसकं काढतं. (अशी मुसकी काढून कॅन्सरवर उपचार करता येतो हे शोधणाऱ्या अ‍ॅलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं, अ‍ॅलिसन इथे अमेरिकेत ह्यूस्टनलाच असतात.) पण बैल वावरातच नसेल, म्हणजे टी पेशी गाठीत पोचल्याच नसतील, तर मुसकं काढून काय होणार, म्हणून सोबत दुसरं औषध लागतं. आणि मोकळा बैल आपलंच पीकही खातो, म्हणून बाबांना जुलाब, खोकला, दम असं काहीही झालं तर घरी ओवा-सुंठ करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. थायरॉईड आणि लिव्हरची टेस्ट सांगतील तेव्हा न चुकता करा.

बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा ठेवलेली मेणाची वडी, सांभाळून ठेव. त्यावर पीडी-एल१ ची, म्हणजे कॅन्सर ज्याने मुसकं बांधतो त्या प्रोटीनची टेस्ट होते, ते किती आहे हे सांगणारा सीपीएस नावाचा आकडा येतो. जास्त असेल तर औषध लागू पडायची शक्यता वाढते, कमी आला म्हणून सगळं संपलं असं नाही.

माझं काम याच्याच पुढचं आहे. पेशंटच्या रक्ताच्या हिरव्या टोपणाच्या ट्यूब येतात, मी त्यातल्या टी पेशींना रंग लावून मशीनवर मोजते, पहिल्या डोसनंतर तीनेक आठवड्यांनी त्या जाग्या होऊन वाढायला लागल्या का ते बघते. कधी पेशी छान जाग्या होतात पण गाठच इतकी मोठी असते की त्या पुरत नाहीत. परवा अशीच एक ट्यूब हातात होती अन् मला बाबांचा हात आठवला, पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा. ही टेस्ट अजून रिसर्चमध्येच आहे रे, त्यासाठी तिथल्या डॉक्टरांच्या मागे लागू नको.

आई म्हणाली बाबांच्या शर्टात परत पन्नी सापडली. ओरडू नको त्यांच्यावर, डॉक्टरांनाच सांग, सोडायला औषध असतं.

सोमवारी नागपूरला धंतोलीत डॉक्टरांकडे सकाळी साडेदहाची वेळ आहे ना, मला व्हिडिओ कॉलवर घे. माझे रात्रीचे बारा वाजतील, मी जागीच राहीन.

तुझी
छोटी