‘टेक ऑफ’ म्हणजे काढणे की निघणे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या इंग्रजीच्या सदरात ‘टेक ऑफ’चे अकरा अर्थ चौकटीत छापून खाली ‘पाठ करा’ अशी सूचना दिली होती. अर्थ एकही चुकीचा नव्हता. माझी तक्रार त्या सूचनेबद्दल आहे. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं अशाच याद्या फळ्यावर लिहिल्या. मुलांनी त्या इमानेइतबारे पाठ केल्या आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून टाकल्या. कोट काढणे, विमान उडणे, रजा घेणे, पळून जाणे, नक्कल करणे, धंदा जोरात चालू लागणे... एकाखाली एक लिहिल्यावर यांचं आपसात काही नातं असेल, अशी शंका तरी कुणाला यावी?

मलाही ती आली नव्हती. एकदा वर्गात वाक्य होतं, ‘द थीफ सॉ द पोलीसमन अँड टुक ऑफ.’ आदल्या तासाला आम्ही कोट, टोपी, बूट काढून झालो होतो, त्यामुळे एका मुलीनं निरागसपणे विचारलं, “बाई, त्यानं काय काढलं?” वर्ग हसायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “पळ!”

हसण्यात तो तास गेला. पण घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. कोट काढतो, रजा काढतो आणि पळही काढतो! अकरापैकी तीन अर्थ एकाच मराठी क्रियापदानं परस्पर उचलले होते. नाही तरी ‘काढणे’ काही कमी कसबी नाही. आपण चित्र काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो, आठवण काढतो, झोप काढतो, वाईट दिवसही काढतो. याचे अर्थ आपल्याला कुणी चौकटीत छापून दिले होते का?

त्या मुलीचा ‘काय?’ हा प्रश्न मी पुढे प्रत्येक वर्गात वापरला. ‘टेक ऑफ’ दिसलं की क्रियापदाला विचारायचं, काय? उत्तर मिळालं, तर बहुतेक वेळा ‘काढणे’नं काम भागतं. कोट, चष्मा, एक दिवस, यादीतलं नाव, मैदानातून बाहेर बोलावलेला खेळाडू. वेळापत्रकातून रद्द केलेली गाडीसुद्धा ब्रिटिश इंग्रजीत ‘टेकन ऑफ’ होते. किमतीत सूट देताना मात्र आपण ‘काढत’ नाही, कमी करतो. तिथे हट्ट धरू नये.

उत्तर मिळालं नाही तर? विमान, चोर, एखाद्या मालाचा खप. यांनी काहीच काढलेलं नाही, ती स्वतःच निघाली आहेत. मराठीत काढणे आणि निघणे ही जोडी आहे, तोडणे-तुटणे किंवा फोडणे-फुटणे यांच्यासारखी. इंग्रजी या दोन्हींसाठी एकच ‘टेक ऑफ’ वापरते आणि कर्म आहे की नाही, एवढ्यावर निभावून नेते. गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘शी टुक मंडे ऑफ’ म्हणजे तिनं सोमवारची रजा काढली. ‘शी टुक ऑफ ऑन मंडे’ म्हणजे ती सोमवारी निघाली, तीही जरा घाईनं. शब्द जवळजवळ तेच, पण पहिल्या वाक्यातली बाई घरी झोपून असेल आणि दुसऱ्यातली कुठल्या कुठे पोचली असेल.

कर्म सर्वनाम असेल तर आणखी एक पेच आहे. ‘टेक ऑफ युअर कोट’ आणि ‘टेक युअर कोट ऑफ’ दोन्ही चालतात. कोटाच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसणार. ‘टेक इट ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ इट’ चूक. आपल्या चौकटीत अकरा अर्थ होते, हे एवढंसं कुठेच नव्हतं. मुलांचे गुण मात्र इथेच जातात.

‘निघणे’लाही मर्यादा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी पुढच्या अंकात मला पकडेल. शर्टाचं बटण निघालं तर ते ‘टुक ऑफ’ होत नाही, ‘केम ऑफ’ होतं. बटणाच्या अंगी स्वतःचा जोर नाही. ते नुसतं सुटतं. चोराच्या पायांत जोर असतो, विमानाच्या इंजिनात असतो. आपण दोघांनाही ‘निघालं’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजी तिथे भेद करते.

नकलेचा अर्थ मला बराच काळ उपरा वाटायचा. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की, क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सर्वांत जड जाते. तिथल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे फक्त ‘नक्कल करणे’. विमानाचा तेव्हा प्रश्नच नव्हता, पण कोटही नाही! मग आठवलं, आपण अंगावरचे दागिने उतरवतो, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेतो आणि एखाद्याची हुबेहूब नक्कलही उतरवतो. काढून घेणं आणि तसंच दुसरं करणं या दोन कल्पना मराठीलाही शेजारच्या वाटल्याच होत्या. गंमत अशी की, विमान ‘उतरवलं’ की बरोबर उलटा अर्थ होतो.

विमानाचा अर्थ आकाशातून आलेला नाही. उडी मारताना पाय जमिनीवरून सुटतात त्या क्षणाला इंग्रजीत आधीपासून हा शब्द होता. लांब उडीच्या फळीला आजही ‘टेक-ऑफ बोर्ड’ म्हणतात. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचं पहिलं उड्डाण 12 सेकंद आणि 120 फूट एवढंच होतं. त्याला उडीचा शब्द मिळाला यात नवल नाही. तिथून तो अर्थशास्त्रात गेला. डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी 1960 मध्ये आर्थिक वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यातल्या तिसरीचं नाव ‘टेक-ऑफ’. बराच वेळ जमिनीवर धावत असलेलं काहीतरी शेवटी वर उचललं जातं, हे चित्र डोळ्यांपुढे असलं की खप, कारकीर्द, धंदा हे अर्थ वेगळे शिकवावे लागत नाहीत.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर हे सगळं नवीन वाटायला नको. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो, हे सांगणारा श्लोक आणि त्यातले प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार आपण घोकलेले असतात. फरक एवढाच की आपला उपसर्ग धातूला पुढून चिकटून बसतो आणि इंग्रजीतला मागे राहतो, शिवाय फिरतो. वेदांच्या भाषेत मात्र तोही फिरत असे, धातूच्या मागे आणि लांबही. पाणिनीनं त्यासाठी स्वतंत्र सूत्रं दिली आहेत.

सदरलेखकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. दर आठवड्याला एवढ्याशा जागेत लिहिणं सोपं नाही. पण पुढच्या वेळी ‘पुट ऑफ’ घेणार असाल तर अर्थांची यादी निम्मी करा आणि उरलेल्या जागेत प्रत्येक अर्थाचं एक सबंध वाक्य द्या, कर्मासकट. बाकीचं मुलं स्वतः काढतील.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका

ता. क. त्याच अंकात पहिल्या पानावर ‘विमानाने टेक ऑफ घेतले’ असं छापून आलं आहे. ‘टेक’मध्ये घेणं झालेलं असताना पुन्हा ‘घेतले’! आमच्या वर्गात याला लाल रेघ मिळाली असती. पण ‘उड्डाण घेतले’ या आपल्या जुन्या प्रयोगातलं ‘उड्डाण’ तेवढं गेलं आणि ‘घेतले’ जागचं हललं नाही, असं दिसतं. तेव्हा रेघ जरा फिकट मारते.