लोकसभेचा निकाल गटवार छापा, गावाच्या नावानं नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

2024 च्या लोकसभेचा निकाल लागून बराच काळ झाला, पण आमच्याकडे अजून कुठंही चार माणसं जमली की तीच तीन वाक्यं ऐकू येतात. दिंडोरीत कांद्यानं पाडलं, नाशकात तिकीट उशिरा दिलं म्हणून सीट गेली आणि धुळ्याची सीट मालेगावनं घालवली. पेपरातसुद्धा थोड्याफार फरकानं हेच छापून आलं, तुमच्याही पेपरात आलं. मला या तिन्ही वाक्यांबद्दल बोलायचंय आणि शेवटी निकाल जिल्हा परिषद गटवार छापा अशी एक मागणी करायचीय, पत्र लांबलं तरी पूर्ण वाचावं ही विनंती.

आधी आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे 15 मतदारसंघ, पण लोकसभेला ते तीन ठिकाणी वाटलेत. सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहराचे तीन असे सहा नाशिकमध्ये, नांदगाव, चांदवड, येवला, निफाड, कळवण आणि दिंडोरी असे सहा दिंडोरीत, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण हे तीन धुळ्यात. 2009 पासून हे असंच चाललंय. मी सिडकोत राहतो, बहीण चांदवडला दिली, मामा बागलाणातल्या सटाण्याला, म्हणजे एकाच घरातली माणसं तीन वेगवेगळे खासदार निवडतात. आणि तिघांच्याही निकालाच्या बातम्या वेगवेगळ्या पानांवर, सटाण्याची तर धुळ्याच्या बातमीत कुठंतरी एक ओळ. अख्ख्या जिल्ह्यानं काय सांगितलं ते एकत्र कुणी मांडतच नाही.

आता पहिलं वाक्य, कांदा. दिंडोरीत राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या भास्कर भगरे सरांना 5,77,339 मतं पडली, भाजपच्या डॉ. भारती पवारांना 4,64,140, फरक 1,13,199 चा. केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, ही छोटी गोष्ट नाही. कांद्याचा राग होता हे मीही म्हणतो, नव्हता कसा म्हणणार? ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली आणि आमचा लाल-उन्हाळी तसाच पडून, मग 4 मे ला बंदी उठवली पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची अट ठेवूनच. मतदान होतं 20 मे ला. 15 मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली तिथं एका पोरानं उठून कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. बहिणीच्या घरी त्या वर्षी चाळीतला कांदा निवडताना तिची सासू एकेक सडका कांदा बाजूला टाकत होती आणि प्रत्येक पाटीमागं भाव विचारत होती, तो राग मी डोळ्यांनी बघितलाय.

पण साहेब, दिंडोरी मतदारसंघ म्हणजे फक्त लासलगाव-पिंपळगाव नाही ना. त्यात सुरगाणा आहे, पेठ आहे, तिथं डोंगरात भात, नागली, वरई. तिथल्या माणसाचा प्रश्न वनजमिनीचा, 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेली माणसं त्यातलीच होती. 2019 ला भारतीताई जवळपास दोन लाखांनी निवडून आल्या तेव्हा माकपचे जिवा पांडू गावित वेगळे उभे होते आणि त्यांनी लाखाच्या वर मतं घेतली होती. 2024 ला माकपनं माघार घेतली. मग जो उलटफेर झाला त्यातला किती कांद्याचा आणि किती नुसत्या मतांच्या बेरजेचा? निफाड-चांदवडच्या जिल्हा परिषद गटांमधे किती फिरलं आणि सुरगाण्यात किती फिरलं हे शेजारी-शेजारी ठेवलं तर कळेल. ते कुणी ठेवलंच नाही. सगळा जिल्हा एका पाटीत ओतला आणि वर कांदा लिहून मोकळे. डोंगरातल्या माणसानं काय म्हणून मत दिलं याचा उल्लेखसुद्धा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच दिंडोरीत अजून एक गोष्ट झाली आणि तिच्यावर जेवढं लिहायला पाहिजे होतं तेवढं कुणी लिहिलं नाही. बाबू भगरे नावाचे अपक्ष उमेदवार, त्यांना 1,03,632 मतं पडली, तिसऱ्या नंबरवर. त्यांचं चिन्ह ट्रम्पेट, मराठीत छापलं होतं तुतारी. भास्कर भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आडनाव एक, चिन्हाचं नाव जवळजवळ एक. साताऱ्यात तर शशिकांत शिंदे 32,771 नी पडले आणि तिथल्या ट्रम्पेटवाल्या अपक्षाला 37 हजार मतं मिळाली. दिंडोरीत भगरे सर निवडून आले म्हणून हा विषय हसण्यावारी गेला, पण लाखभर मतदारांपैकी किती जणांचं बटण चुकलं हा प्रश्न निकालानं मिटत नाही. ही मतं कुठल्या भागात जास्त पडली? जिथं वाचता न येणारी म्हातारी माणसं जास्त तिथं, की सगळीकडे सारखीच? पत्रकारानं शोधायची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं.

दुसरं वाक्य नाशिकचं. शिवसेना ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे 1,62,001 मतांनी निवडून आले, महायुतीतल्या शिंदे गटाचे, दोनदा खासदार राहिलेले हेमंत गोडसे पडले. गोडसेंचं नाव 1 मे ला जाहीर झालं, त्याआधी भुजबळ साहेब लढणार की नाही यात दिवस गेले, हे सगळं खरं. पण नुसता उशीर असता तर सगळीकडे सारखा फटका बसला असता. आमच्या नाशिक पश्चिमनं, म्हणजे सिडको-सातपूरनं, गोडसेंनाच लीड दिलं. आणि एकट्या सिन्नरनं वाजेंना सव्वा लाखाच्या वर लीड दिलं. म्हणजे पावणेदोन लाखाच्या आतल्या विजयातला मोठा हिस्सा एका तालुक्याचा, आपल्या माणसाला दिल्लीला पाठवायचं म्हणून ठरवून मतदान झालं. त्याच सिन्नरनं सहा महिन्यांनी विधानसभेला कोकाटेंना, म्हणजे महायुतीला निवडून दिलं. मग लोकसभेचा निकाल युतीच्या विरोधातली लाट होती की सिन्नरचा अभिमान होता? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. आणि नोव्हेंबर 2024 ला अख्ख्या जिल्ह्यात 15 पैकी 14 महायुतीकडे गेल्या तेव्हा लोक अचानक बदलले असं लिहून आलं. लोक एवढे अचानक बदलत नाहीत हो, आपण जूनमधे नीट वाचलं नव्हतं म्हणून नोव्हेंबरमधे धक्का बसला.

तिसरं वाक्य मालेगावचं, आणि हे पत्र मी मुख्यतः याच्यासाठी लिहितोय. धुळ्यात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. मालेगाव मध्य मधून त्यांना 1 लाख 94 हजारांच्या आसपास लीड मिळालं, बाकी पाचही ठिकाणी भाजपचे डॉ. सुभाष भामरे पुढे होते. तेव्हापासून मालेगावच्या नावानं जे बोललं गेलं, भाषणांमधून, मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोंमधून, ते ऐकून मामाच्या गावात वर्षानुवर्षं एकत्र धंदा करणारी माणसंसुद्धा एकमेकांशी तुटक बोलायला लागली. बूथ नंबर टाकून याद्या फिरल्या, या बूथवर अमक्याला दोन मतं, तमक्याला सहाशे, हा मोहल्ला बघा.

पण आकडे पूर्ण बघा ना. बच्छाव ताईंना एकूण 5,83,866 मतं. मालेगाव मध्यची सगळी वजा केली तरी पावणेचार लाखांच्या वर मतं उरतात, ती धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाणची. ती मतं देणारी माणसं कुठं गेली सगळ्या चर्चेतून? 2019 लाही मालेगाव मध्य काँग्रेसकडेच होतं, मोठ्या लीडनं होतं, तरी भामरे साहेब सव्वादोन लाखांच्या वर फरकानं निवडून आले होते. म्हणजे पाच वर्षांत त्यांची आघाडी बाकीच्या तालुक्यांमधेही घटली, त्याशिवाय हा निकाल लागूच शकत नाही. साडेतीन-चार हजारांच्या फरकात बागलाणचा शेतकरी म्हणू शकतो आमच्यामुळे, शिंदखेड्याचा म्हणू शकतो आमच्यामुळे, आणि कुणीच खोटं बोलत नसेल. आणि ज्या मालेगाव मध्यला एकगठ्ठा म्हणून हिणवलं तिथं विधानसभेला काय झालं? मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात फक्त 162 मतांचा फरक. इतकं अटीतटीचं तर आमच्या सिडकोत कधी होत नाही.

आता मागणी. निवडणूक आयोग प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म 20 काढतो, त्यात बूथवार सगळ्या उमेदवारांची मतं असतात. मी मोबाईलवर उघडून बघितला. स्कॅन केलेली पीडीएफ, तिरकी आलेली, नाशिकला 31 उमेदवार म्हणून रकाने एवढे बारीक की झूम केलं की वरचं नाव दिसत नाही आणि नाव बघितलं की खालचा आकडा जातो. बूथचा फक्त नंबर. ती शाळा कुठली, वस्ती कुठली, त्यासाठी दुसरी यादी काढून जुळवत बसायचं. सामान्य माणूस हे करणार नाही. पण प्रत्येक पक्षाच्या ऑफिसात हेच एक्सेलमधे तयार असतं, मोजणीच्या टेबलाजवळ बसलेला त्यांचा माणूस राउंडगणिक लिहून घेत असतो. म्हणजे नेत्याला कळतं कुठल्या गल्लीनं मत दिलं नाही, आणि गल्लीला मात्र शेजारच्या तालुक्यानं काय केलं ते कळत नाही.

म्हणून कुणी म्हणेल छापा बूथवार. मी म्हणतो तसं अजिबात करू नका. एका बूथवर हजारभर मतदार, छोट्या पाड्यावर त्याहून कमी. तिथला आकडा गावाच्या नावासकट छापला की मत गुप्त राहिलं कुठं? तुमच्या गावातून लीड नाही मग रस्ता कशाला मागता, हे ऐकून घेतलेल्या गावांची नावं कुठल्याही तालुक्यात विचारा. पूर्वी मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्यांमधली मतं मिसळून मोजता यायची, मशीन आल्यावर प्रत्येक मशीनचं वेगळं दिसायला लागलं. निवडणूक आयोगानंच 2008 मधे टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं, 14 मशीनची बेरीज एकदम करणारं, कायदा आयोगानंही 2015 च्या अहवालात ते करा असं सांगितलं, पण ते आजवर लागू झालं नाही. ते होईल तेव्हा होईल.

तोवर पेपरानं मधला रस्ता धरावा. गावांमधे जिल्हा परिषदेचा गट आणि शहरात महापालिकेचा प्रभाग, एवढ्या आकाराची बेरीज करून छापा. गटात बरीच गावं येतात, मालेगावच्या प्रभागात अनेक वस्त्या येतात, कुणा एका मोहल्ल्याकडे बोट दाखवता येणार नाही आणि तरी निफाड काय म्हणतंय, सुरगाणा काय म्हणतंय हे स्वच्छ दिसेल. शेजारी 2019 चा आकडा द्या, बूथ बदललेत त्यामुळे तंतोतंत जुळणार नाही, पण गटाच्या पातळीवर अंदाज चांगला येतो. टपाली मतं वेगळी दाखवा, ती कुठल्याच गटाची नसतात. नोटा पण दाखवा. आणि जिल्ह्याचे पंधराही एका पानावर घ्या, धुळ्यातले आमचे तीन विसरू नका.

तुमच्याकडे तालुका बातमीदार आहेत, कुठली शाळा कुठल्या गटात हे त्यांना तोंडपाठ असतं. तरी मनुष्यबळ कमी पडत असेल तर मी आणि माझा एक मित्र, तो कंपनीत एक्सेलचंच काम करतो, रविवारी ऑफिसात येऊन बसायला तयार आहोत, सुरुवात मालेगाव बाह्य आणि बागलाणपासून करू कारण तिथल्या मतांबद्दल आजवर सगळ्यात कमी लिहिलं गेलंय. बूथची यादी आणि गटांचे नकाशे तेवढे काढून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक
सिडको, नाशिक